अंतराळातला बार

आमच्या आखाडा बाळापुरात माणसं भेटली की पाऊसपाणी विचारतात, हळदीचा भाव विचारतात. किसनमामा विचारतात, "अंतराळात बंदूक उडवली तर काय व्हईल?"

मामा माझे शेजारी. बँकेत गार्ड होते. नोकरीभर बंदूक खांद्यावर वागवली, पण कुणावर रोखायची वेळ आली नाही. निवृत्त झाल्यावर बंदूक हातातून गेली आणि हा प्रश्न मानगुटीवर बसला. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेली असतानाही वळून शेजारच्याला विचारतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझी तर सुटकाच नाही.

"बार उडतो, मामा. काडतुसातल्या दारूतच जळण्यापुरता प्राणवायू असतो. बाहेरची हवा लागत नाही."

"बात बराबर हाय, पन आवाज?"

"हवाच नाही, तर आवाज कसा पोचणार?"

"मंग चोर भेईल कसा?"

अंतराळात चोर कुठून आणायचा, ते माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं. गोळीला अडवायला हवा नाही, म्हणून ती जातच राहते, हे ऐकून तर ते हळहळले. "म्हंजे काडतूस वायाच की!"

उन्हाळ्यात आम्ही सिद्धेश्वर धरणावर मासे आणायला गेलो. काठाला एका मासेवाल्याचा थर्माकोलचा तराफा होता. मी नको नको म्हणेपर्यंत मामा त्यावर उभे राहिले आणि काठावरून उचललेला धोंडा त्यांनी जोरात पुढं भिरकावला. धोंडा पुढं, तराफा मागं, मामा पाण्यात!

कमरेएवढ्या पाण्यातून उठत ते मासेवाल्याला म्हणाले, "पायलं का? वर बी असंच. गोळी पुढं, मानूस मागं. आन् धरायला काही न्हाई, म्हनून सरकतच ऱ्हातो."

"काका, तुमी आधी भाईर या," तो म्हणाला. मला मात्र आपला विद्यार्थी पहिला आल्यासारखं वाटलं.

परवा संध्याकाळी त्यांचा डबा परत द्यायला गेलो. मामी गेल्यापासून मामा एकटेच असतात. मुलगा पुण्याला कंपनीत. त्याचा फोन आधी मामीच घ्यायच्या. त्या गेल्यावर बापलेकाचं बोलणं "जेवलात का?", "व्हय", "ठेवतो" एवढ्यातच उरकायचं. भिंतीपलीकडून आम्हाला मामांचं 'व्हय' तेवढं ऐकू यायचं.

तेव्हा मामा बाजेवर बसून फोन कानाशी नाही, स्पीकर लावून समोर धरून बोलत होते. मला त्यांनी ओठांवर बोट ठेवून बसायची खूण केली.

"आबा, गोळी पुढं जाती, म्हनून मानूस मागं ढकलला जातो," मुलगा सांगत होता.

"काहून? मानूस काहून मागं जाईल?"

मी तोंड उघडणार होतो. मामांनी डोळे वटारले.

मुलगा हसला. "तुमी तर बंदूकवाले! थांबा, पयल्यापासून सांगतो." आणि त्यानं खरंच पहिल्यापासून सांगितलं. मध्येच स्वतःच्या साहेबाची नक्कल केली, सुनबाईनं केलेल्या वांग्याच्या भाजीला नावं ठेवली, पाठदुखीचंही बोलून गेला. मामा नुसते हुंकार देत होते.

"आलं का ध्यानात?"

"न्हाई बा. टकुऱ्यात काही शिरूनच न्हाई राहिलं. उद्या पुन्यांदा सांगशील?"

"सांगतो, आबा."

फोन बंद झाला. मामांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसून उशाशी ठेवला. मग हळूच म्हणाले,

"सर, एखादी नवी शंका असली तर द्या. ही लई दिस पुरली."