केम्पाइनेन यांनी राखून ठेवलेला तास

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी औलू शहरातील सारी घड्याळे सरकारी नियमाप्रमाणे हिवाळ्यापुरती एक तास मागे गेली. स्वयंपाकघरातील घड्याळाला मात्र हात लावायचा नाही, असे तौनो केम्पाइनेन यांनी ठरवले.

"सूर्य आपणहून रोज लवकर मावळतोय, तेवढं पुरे नाही का? वर सरकारनं संध्याकाळचा एक तास काढून घ्यायचा?"

"अहो, घड्याळाकडे बघून अंधार दारात थांबणार आहे का?" त्यांच्या पत्नी हिल्क्काबाईंनी गुडघ्यांना मलम चोळत विचारले.

तो थांबला नाही. पण चारचा अंधार त्यांच्याकडे पाचला पडू लागला. तौनोंना तेवढाच आधार. बाहेर जाताना मनात एक तास वजा करायचा, एवढेच पथ्य होते. (चाळीस वर्षे रेल्वेची वेळापत्रके तपासलेल्या माणसाला ते काय अवघड!)

इमारतीच्या तळघरातील सामायिक सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानाच्या खोलीत, प्रत्येक कुटुंबाला आठवड्याचा एक तास असे. केम्पाइनेन यांना शनिवारी सात ते आठ ही वेळ नऊ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मिळाली होती, आणि हिल्क्काबाईंचे गुडघे सारा हिवाळा त्या वाफेवरच चालत.

शनिवारी हिल्क्काबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. स्वयंपाकघरात सात वाजले. वाफेच्या ओढीने तौनो वजाबाकी विसरले, खाली गेले आणि आतून कडी लावून बसले.

दार वाजले. सोसायटीच्या अध्यक्षा पूरुनेनबाई स्वतः आल्या होत्या; सहा ते सात ही वेळ त्यांची असे.

"आत कोण आहे?"

"सात वाजून गेले, बाई! तुमची वेळ संपली. जरा शिस्त पाळा!"

"सहा वाजून पाच मिनिटं झालीत, केम्पाइनेन."

"तुमचं घड्याळ मागे आहे!"

"अख्ख्या देशाचंच मागे आहे!"

आतली कडी निघाली. मग तौनो टॉवेल गुंडाळून, खाली मान घालून बाहेर पडले.

दुसऱ्याची वेळ घेणाऱ्याने स्वतःची गमवावी, हा सोसायटीचा नियम होता. शनिवारचा तास प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या कुटुंबाकडे गेला. हिल्क्काबाई तो हिवाळाभर गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा त्या बोलल्या असत्या तर बरे, असे तौनोंना वाटे.

फेब्रुवारीत त्यांनी निमूटपणे घड्याळ मागे केले आणि पूरुनेनबाईंना सारे कबूल करत माफीचे पत्र लिहिले. उत्तर आले : "जुन्या वेळेवरील आपली निष्ठा लक्षात घेऊन मार्चच्या शेवटच्या रविवारी, पहाटे तीन ते चार, सौना आपणांस देण्यात येत आहे."

"पाहिलंस? बाई मनानं चांगली आहे. पहाटेचा का होईना, तास दिला!" तौनोंनी टॉवेल इस्त्रीला काढले.

हिल्क्काबाईंनी पत्र दोनदा वाचले आणि ऑक्टोबरनंतर प्रथमच हसल्या.

"अहो वेळापत्रकवाले, त्या पहाटे घड्याळं पुढे जातात. तीन वाजले की लगेच चार!"