उजव्या पायाचा बिबट्या

साळुबाईने सकाळी अनंताच्या झाडाभोवतीच्या एकेचाळीस गोगलगायी वेचून मिठाच्या डब्यात टाकल्या, साचलेलं पाणी जावं म्हणून चर पुन्हा मोकळा केला आणि मग फांद्या मोजल्या. काल अकरा होत्या. आज दहाच भरल्या.

"श्रेया, बाहीर ये गं! आजबी न्हेली."

नात छत्री घेऊन आली. ती जुन्नरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती आणि थोडे दिवस आजीकडे आली होती. तिने वाकून तुटलेलं टोक पाहिलं. "तिरका काप आहे, आजी. ब्लेडने केलेला. हे जनावराचं काम नाही."

"जनावर परवडलं असतं. ही चौथी फांदी."

पिंपरी पेंढारला तेरा दिवस ऊन पडलं नव्हतं. भिंतींना कंबरेपर्यंत ओल चढली होती. परसातली दोडक्याची वेल कुजली, मिरच्या पिवळ्या पडून गेल्या. उभा होता तो अनंत. तो तिच्या नवऱ्याने, सोमाजींनी लावला होता, आजारपणात, एका हाताने भिंत धरून. "फुलं आली की बघू," असं म्हणाले होते. फुलं यंदा आली. सोमाजी तीन वर्षांपासून फोटोत होते. साळुबाई रोज एक फूल त्या फोटोला वाहायची आणि दिवसभर त्याच्याकडे बघायचं टाळायची.

"चोराला भीती वाटेल असं काहीतरी करायला हवं," श्रेया म्हणाली. आणि या भागात माणसाला कशाची भीती वाटते, हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नव्हतं.

तिने एक मोठा बटाटा अर्धा कापून त्यात बिबट्याचा पंजा कोरला. सात सेंटिमीटर रुंदी, चार बोटं, तळव्याला मागे तीन गोलाया. "नखं नाही काढायची, आजी. नखं कुत्र्याची उमटतात." दिवस मावळायच्या आत दोघींनी अनंतापासून कुंपणापर्यंत चिखलात नऊ ठसे उमटवले. मग बटाटा स्वच्छ धुऊन साळुबाईने त्याची भाजी केली आणि पुरावा भाकरीबरोबर संपला.

सकाळी फांद्या दहाच होत्या. साळुबाईला फार दिवसांनी बरं वाटलं. ते पाऊण तास टिकलं. दूध न्यायला आलेल्या सुदर्शनने ठसे पाहिले, किटली तिथंच ठेवली आणि फोटो काढला. चहा उकळेपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला होता.

नऊ वाजता शाळा सोडली. दहाला खुरपणीच्या बायका रानातून परत आल्या. कुशाबाची सून पोराला घेऊन माहेरी निरगुडसरला निघून गेली. साडेदहाला वनरक्षक आला, त्याने ठशांवर पट्टी ठेवली आणि बराच वेळ डोकं खाजवलं.

"पावसाने ठसे पसरलेत, नक्की सांगता येत नाही. पण एक कळंना. नऊच्या नऊ ठसे पुढच्या उजव्या पायाचे कसे?"

श्रेयाने आजीकडे पाहिलं. शिक्का एकच कोरला होता.

"सोपं हाय की राव," कुशाबा म्हणाला. गावातल्या कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असायचं. "लंगडा हाय त्यो. बाकीचं पाय अधू. एका पायावर उड्या मारत चाललाय."

"एका पायावर?" वनरक्षकाने विचारलं.

"आन् लंगडा लई वंगाळ! त्येला हरीण घावत न्हाई. मग त्यो म्हातारी मानसं बगतो." सगळ्यांनी साळुबाईकडे पाहिलं.

"घाबरू नका," वनरक्षक म्हणाला. "फक्त घराजवळ झाडोरा कमी ठेवा." तो गेला, आणि कुशाबाने कोयता मागवला.

चार जण भिडले. गवती चहा गेला, कर्दळी गेल्या, कण्हेर गेली. साळुबाई अनंतापुढे जाऊन उभी राहिली.

"कुशाबा भाऊ, ह्येला नगा हात लावू. ह्येच्या आड मांजरबी लपायचं न्हाई."

"वैनी, बिबट्याला गुडगाभर गवात पुरतं. तुमी एकट्या ऱ्हाता. काय झालं तर सोमाजीला वर काय त्वांड दावू?"

तिने खरं सांगायला तोंड उघडलं. समोर शाळेची पोरं, मजुरी बुडालेल्या बायका, भरलेली किटली विसरलेला सुदर्शन. श्रेयाने तिचा हात घट्ट दाबला. साळुबाई बाजूला झाली.

पुन्हा फुटू नये म्हणून त्यांनी मूळही काढलं. काम मन लावून झालं.

पुढे आठ दिवस पाऊस पडत राहिला. अनंताच्या खड्ड्यात पाणी साचलं. चर मोकळा करायला कारण उरलं नव्हतं. फोटोपुढं रोज वाहायचं ते फूल नव्हतं. गोगलगायी मात्र येत राहिल्या.

नवव्या दिवशी शेजारची गोजरबाई कुंपणाशी उभी राहिली. "साळू, चल जरा."

तिच्या न्हाणीमागं तेलाच्या डब्यात एक काडी उभी होती. काडीला दोन कोवळी पानं. साळुबाईने ती लगेच ओळखली.

"चार आनल्या व्हत्या. तीन कुजल्या. ही लागली."

"तू व्हय!" साळुबाईचा आवाज चढला. "अगं, मागितली असती तर दिली नसती का?"

"दिलेली फांदी लागत न्हाई. चोरलेलीच लागती. तुज्या सासूनं न्हाई का माज्या सासूचा मोगरा चोरला?" ते खरं होतं. मोगरा पस्तीस वर्षं फुलला होता. "त्यो बिबट्या बटाट्याचा व्हता, ह्ये मला त्याच दिशी कळलं. पहाटं फांदीसाठी आले, तर ठशात बटाट्याचा तुकडा घावला. जनावर का एका पायानं चालतं?"

"मग बोलली का न्हाईस? झाड वाचलं असतं!"

"बोलले असते, तर कुशाबानं इचारलं असतं, पहाटं तू तिथं काय करत व्हतीस. पर तू का न्हाई बोललीस?"

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

"दे मला ती काडी," साळुबाई शेवटी म्हणाली.

"दिऊ कशी? दिली तर मरंल." गोजरबाईने जरा विचार केला. मग ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभी राहिली.

साळुबाईने पदर खोचला. सत्तराव्या वर्षी तिने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. डबा उचलून पदराखाली धरला आणि चिखलातून पाय न वाजवता निघाली.

"गेलीस का गं?" गोजरबाईने भिंतीलाच विचारलं.

साळुबाईने उत्तर दिलं नाही. चोराने उत्तर द्यायचं नसतं.