गवत चाखणारी लिंबीबाई

आमची शेजारीण लिंबीबाई गवत खाते. थट्टा नाही करत, खरंच खाते. सकाळी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उकिडवी बसते, हरळीची एक काडी तोडते, पुढच्या दातांनी चावते, डोळे मिटते आणि निकाल सांगते. "बराबर!" म्हणाली की गवत पास. थुंकली की त्या धुऱ्याकडं महिनाभर फिरकायचं नाही. हिंगोलीत आमची गल्ली संपते आणि हळदीची शेतं सुरू होतात, तिथं आमच्या दोघींची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. म्हणून लोक मलाच विचारतात, "काहून हो बाई, त्यांच्या घरी भाकरी होत न्हाई का?"

होते हो, चांगली तव्याएवढी होते. गवत ती चावते ते तिच्या गुरांसाठी. आणि गुरं म्हणजे दोन गिनीपिग.

एक तांबडी, ती कंधारी. दुसरी पांढरी, अंगावर काळे ठिपके, ती देवणी. आपल्याकडच्या नामी गायींची नावं या वीतभर जिवांना! पण लिंबीबाई तांड्यावरची. तिचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. तिला गुरांशिवाय करमत नाही, आणि शहरातल्या दोन खोल्यांत गाय बांधायची कुठं? तिची नात पूजा, तिनंच लहानाची मोठी केलेली, पुण्याला नर्स म्हणून लागली. तिथल्या खोलीवर जनावर चालत नाही, म्हणून तिनं पाळलेली ही जोडी आजीच्या हवाली करून गेली.

रोज संध्याकाळी सातला पूजाचा फोन येतो, चेहरा दिसणारा. "आजी, कंधारी दाखव. देवणी दाखव." लिंबीबाई फोन धरते तो असा, की दोन्ही गुरं नीट दिसतात आणि तिचं स्वतःचं नुसतं कपाळ. एकदा मी म्हटलं, "अगं, तुझं तोंड पण दाखव की तिला." तर म्हणाली, "माझं काय बघायचं? ह्या दोघी हायेत तवर सातचा फोन हाये, बाई." आणि हसली. मी हसले नाही.

तर गवत. लिंबीबाईचा कायदा एका दमात सांगता येतो, "भिजलं नको, तापलं नको, वळखीबिगर नको." आधी ती धुऱ्यावर किडा-मुंगी बघते. नाकतोडा उडाला की खूश. "किडा बसंना तिथलं माझी कंधारी खाईल का?" मग शेंडे बघते, पिवळे पडलेत का. मग शेतवाल्याला गाठून तणनाशक मारलं का ते विचारते. एक शेतवाला वैतागून म्हणाला, "मावशी, तुमच्या उंदरांसाठी आता मी फवारा बंद करू का?" लिंबीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उंदरं तुझ्या घरात! हे गुरं हायेत." तेव्हापासून तो फवारणीच्या आदल्या दिवशी तिच्या दारावरून सायकलची घंटी वाजवत जातो. हिंगोलीत असा मान कुणाला असेल तर सांगा मला.

हे सगळं झाल्यावर मग चावणं. रस्त्याकडेचं नाही, कुत्री हिंडतात तिथलं नाही. विळ्यानं मूठभरच कापायचं, सुपात पसरून दव वाळू द्यायचं, तासाभरात खाऊ घालायचं. वाळलेलं गवत मात्र रात्रंदिवस पुढ्यात हवं, ती त्यांची भाकरी. ओलं म्हणजे नुसतं तोंडी लावणं. पहिल्या दिवशी तिनं दोघींना मोजून चार-चार काड्या दिल्या होत्या. मी म्हटलं, "अगं, उपास आहे का त्यांचा?" म्हणाली, "पोटाला सवय लागू दे. पोट काय धावणारं पोरगं हाये का, हाकेसरशी पळायला?"

आता माझं सांगते. मी तीस वर्षं अंगणवाडीत खिचडी वाढली. ताटली रिकामी दिसली की माझा हात आपोआप पातेल्यात जातो. अर्धी वाटी वाढून हात आखडणं मला या जन्मी जमायचं नाही.

आणि नेमकी लिंबीबाई एका दिवसासाठी पुसेगावकडच्या तांड्यावर लग्नाला गेली. जाताना सकाळची एक मूठ गवत सुपात ठेवून गेली, संध्याकाळी नुसतं वाळलेलं घालायचं. "यवढंच, बाई. जास्त न्हाई." मी म्हटलं, व्हय.

सकाळची मूठ त्या दोघींनी बघता बघता संपवली आणि माझ्याकडं बघून अशा काही ओरडल्या, की मला माझी अंगणवाडी आठवली. पलीकडच्या मैदानात यंत्रानं गवत कापलं होतं. हिरवंगार, बारीक चुरा, आयतं. मी पिशवी गच्च भरली, गाठ मारली, लिंबीबाईच्याच स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगली. संध्याकाळी गाठ सोडली तर आत हात घालताच कोमट लागलं. मला वाटलं, काय छान, ताज्या भाकरीसारखं! दोनदा वाढलं. देवणीनं नाक मुरडलं. कंधारीनं सगळं खाल्लं.

सकाळी लिंबीबाई पहिल्याच जीपनं आली. कंधारी कोपऱ्यात गोळा होऊन बसली होती. पोट ढोलासारखं ताठ, तोंडाला काही लावेना. लिंबीबाईनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, खिळ्यावरच्या पिशवीत हात घातला, वास घेतला. मला वाटलं, आता ऐकायचं. तिनं मात्र कंधारीला टोपलीत घेऊन पदराखाली झाकली आणि रिक्षाला हात केला. मी मागोमाग चढले.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आजी, कोण आजारी आहे?"

"कंधारी गाय."

डॉक्टर बाहेर वाकून बघायला लागले. "कुठं बांधली?"

तिनं पदर बाजूला केला. डॉक्टर हसले, पण हात मात्र हळुवार लावला त्यांनी. म्हणाले, यंत्रानं कापून कोंबलेलं गवत आतल्या आत तापतं, आंबतं, त्यानं पोट फुगलं. औषध दिलं, बिनसुईच्या सिरिंजनं कसं पाजायचं ते शिकवलं. "दोन दिवस नजर ठेवा. लेंड्या पडायला लागल्या की समजा वाचली."

सातला फोन आला. "आजी, कंधारी अशी काहून बसली?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात लिंबीबाईनं माझा गुडघा दाबला. "माझ्या हातून झालं, लेकरा. तापलेलं गवत पडलं पोटात."

"तू? आजी, तू असं कसं केलंस? तुझ्या भरवशावर ठेवलं होतं ना मी!" पोरगी रडायला लागली. लिंबीबाई नुसती "व्हय, व्हय, चुकलं" म्हणत राहिली. फोन बंद झाला.

मी म्हटलं, "काहून घेतलंस अंगावर? मी सांगितलं असतं."

ती कंधारीच्या पाठीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मी धा वर्साची होते. गायी वळायची पाळी माझी. कापल्या जवारीला कोवळे फुटवे आले होते, हिरवे हिरवे. मी म्हनलं, खाऊ दे बिचाऱ्यांना. ते फुटवे जहर असतात, मला काय ठावं? चार गायी पडल्या, बाई. सांजेला नाईकासमोर समदा तांडा बसला. बा उठून म्हनला, मीच सोडल्या होत्या तिथं. मला घरी येऊनबी काही बोलला न्हाई. कधीच न्हाई." कंधारीला मांडीवर घेत म्हणाली, "तवापासून चावते मी."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आरोळी आली, "लेंड्या! बाई, लेंड्या टाकल्या!" अर्धी गल्ली दारात आली. लिंबीबाई सुपात चार लेंड्या घेऊन उभी, जसा काही घरात पाळणा हलला. मी तिथूनच पूजाला फोन लावला आणि पिशवीची, खिळ्याची, सगळी हकीकत सांगितली. पूजानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजीला द्या फोन. आणि मावशी, आज तिचं तोंड दाखवा."

कंधारीला ओलं गवत पुन्हा द्यायचं ठरलं त्या सकाळी लिंबीबाई माझ्या दारात आली. मी आपली मागं मागं चालले. धुऱ्यावर तिनं विळा माझ्या हातात दिला. मी नाकतोडा शोधला, शेंडे पाहिले, एक काडी चावली. आधी पाणचट, मग किंचित गोड.

"कसं हाये?"

"बराबर," मी म्हटलं.

मूठभर कापलं, सुपात वाळवलं. घरी आल्यावर लिंबीबाईनं त्यातल्या चार काड्या उचलल्या आणि सरळ कंधारीच्या तोंडाशी धरल्या. स्वतः चावून पाहिल्या नाहीत.