झेंगर्ल यांच्या पुस्तिकेचं शेवटचं पान

भाषणाला दीड तास उरला असताना ओटमार हिर्शबेकने झाव्हेर झेंगर्लच्या लष्करी सेवापुस्तिकेचं शेवटचं पान एकदाचं वाचलं, आणि लगेच पुन्हा एकदा वाचलं.

आधी का नाही वाचलं म्हणाल, तर ओटमारला जुने लष्करी कागद जमवायचा नाद भारी, आणि ते वाचायचा कंटाळा त्याहून भारी. त्यात ती जुनी जर्मन लिपी, म्हणजे आपल्या मोडीची मावसबहीणच. जुन्या बाजारात पुस्तिका मिळाली तेव्हा त्याने कसंबसं नाव तेवढं लावलं. तेच नाव गावच्या स्मारकावर, पहिल्या महायुद्धातल्या शहिदांमध्ये दिसलं आणि गडी हरखून गेला. चार वर्षं या बव्हेरियन गावात राहूनही त्याला कोणी आपलं म्हणत नव्हतं. त्याने सरपंचाला सांगितलं, सरपंचाने पाद्रीबाबांना, आणि स्मृतिदिनाचं भाषण ओटमारच्या गळ्यात पडलं. शहिदाची पुतणी वाल्बुर्गाआजी पहिल्या रांगेत बसणार होती.

आणि हे पान म्हणत होतं: रशियाच्या कैदेतून परत, १९२१, प्रकृती उत्तम, साध्या कपड्यांचा एक सूट देऊन घरी रवाना.

पान फाडावं, तर जमवणाऱ्याचा हात धजेना. आजारी पडावं, तर सकाळीच तो दूधवाल्याशी गप्पा मारताना सगळ्यांना दिसलेला. आता गाव सोडावं लागणार, अशी धास्तीच त्याने घेतली. शेवटी त्याने आजीचंच दार वाजवलं. ती आरशासमोर काळी हॅट बसवत होती.

"आजी, तुमचे काका… ते युद्धात वारलेच नव्हते हो."

"नव्हतेच. एकावन्न साली गेले, पित्ताशयाच्या दुखण्याने."

ओटमार मटकन खुर्चीत बसला. आजीने हॅटला टाचणी लावत सगळं सांगितलं. स्मारकाचा दगड वीस सालीच उभा राहिला, काका उगवले नंतर. नाव खरवडलं तर खड्डा पडेल, असं पाथरवट म्हणाला. राहू दे, आज ना उद्या खरं होणारच आहे, असं काका म्हणाले. अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं.

"मग मला कोणी बोललं कसं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर आम्हालाच सांगत होतात."

ओटमारने खिशातून भाषण काढलं आणि वीरमरणाच्या वाक्यावर पेन्सिल टेकवली. आजीने त्याचा हात धरला.

"ते नका खोडू. काका दर वर्षी यायचे ना भाषणाला. त्या वाक्याला सगळ्यात जास्त तेच रडायचे."