पुढच्या दाराने भाषण, मागच्या दाराने गाद्या

"टिकलाय का रे?"

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये नाना धुरी सुट्टीच्या दिवशी बाहेरून शिरले की चपला काढायच्या आधी हा प्रश्न यायचा. नवखा माणूस दचकायचाच. एकदा आमच्यातल्या मोहित्यांचे कुणी पाहुणे आले होते. त्यांनी बिचाऱ्यांनी आवाज खाली आणून मला विचारलं, "घरात कोणाचं सिरियस आहे का?"

मी म्हटलं, "हो. ब्रिटनच्या पंतप्रधानाचं."

पाहुण्यांनी हातातला चहा खाली ठेवला तो शेवटपर्यंत उचलला नाही.

नाना मूळचे वेंगुर्ल्याकडचे. हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीचं स्टोअर सांभाळतात. उंची बेताची, मिशी भरघोस. लंडनला ते कधी गेलेले नाहीत, जायची इच्छाही नाही. भारतातल्या राजकारणावर काही विचारलं तर हात झटकतात, "त्यातलं आपल्याला कळत नाही." पण ब्रिटनच्या सत्ताधारी पक्षातला कुठला खासदार कालपासून रुसून बसलाय, कुठली मंत्रीणबाई कुणाबरोबर कॉफी प्यायली, हे त्यांना तोंडपाठ. कानात इअरफोन खुपसून ते बातम्या ऐकत तांदूळ निवडायचे आणि मध्येच ओरडायचे, "अरे मेल्यांनो, बसू द्या की त्याला!"

आम्ही त्यांना विचारायचो की नाना, तुमचा पक्ष कुठला? नाना म्हणत, "जो खुर्चीत, तो आपला." आणि हे ते अगदी इमानाने पाळत. एखादा पंतप्रधान पडला की त्या दिवशी घरात मासे शिजायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ज्याने त्याला पाडलं त्याच्याच बाजूने नाना कंबर कसून उभे.

"काल तर तुम्ही त्याला घरभेदी म्हणत होता!"

"काल तो खुर्चीत नव्हता."



त्यांचा मुख्य सिद्धांत असा, की त्या देशात पंतप्रधानाला विरोधक पाडत नाहीत. "विरोधक समोर बसतात रे, ते दिसतात तरी. दगा देणारे पाठीमागच्या बाकांवर बसतात. पुरेशा खासदारांनी दुसऱ्याचं नाव पुढे केलं की खलास, आपल्याच पक्षात निवडणूक!" आणि धोका ओळखायची त्यांची खूण ठरलेली होती. एखादा मंत्री टीव्हीवर येऊन 'माझा पंतप्रधानांना पूर्ण पाठिंबा आहे' असं म्हणाला, की नाना तांदळाचं ताट बाजूला सारत. "बघ! हाच उभा राहणार!"

पण निवडणुकीपेक्षा नानांचा जीव अडकायचा तो घरात. पंतप्रधान हरला की त्याने दाराबाहेर येऊन चार शब्द बोलायचे आणि ते दहा नंबरचं सरकारी घर सोडायचं. "पुढच्या दाराने भाषण, मागच्या दाराने गाद्या," हे नानांचं आवडतं वाक्य. त्यामागे एक गोष्ट होती. नाना इथे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचा मॅनेजर इंग्लंडचा होता. दिवसभर रेडिओ लावून बसायचा, तिथूनच नानांना हा नाद लागला. एका दुपारी कंपनीने त्या साहेबाला काढलं. घर कंपनीचं. सामान बांधायला नाना गेले. शेजारी बघत होते म्हणून साहेबाने गाद्या मागच्या दाराने न्यायला सांगितल्या. "काचेची भांडी पेपरात कशी गुंडाळायची ते मला त्या दिवशी त्याने शिकवलं," नाना सांगायचे. "आपलं तरी काय वेगळं? नोकरी गेली की व्हिसा खलास, व्हिसा गेला की खोली खलास. सगळे त्या दहा नंबरातच राहतोय आपण."

म्हणूनच आमच्या फ्लॅटमध्ये एक प्रथा पडली होती. कुणीही कायमचा गावी निघाला की नाना इस्त्रीचं टेबल उचलून पुढच्या दाराबाहेर उभं करायचे आणि त्याला त्यामागे उभं करून भाषण करायला लावायचे. मग स्वतः त्याचं सामान मागच्या लिफ्टने खाली नेऊन, त्याला विमानतळावर सोडूनच परत यायचे. त्यांनी एकाही माणसाला एकटं जाऊ दिलेलं नाही.

आता आमच्या राज्यकारभाराबद्दल. फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण. नाना, साइटवर फोरमन असलेले साताऱ्याचे मोहिते, डिलिव्हरी व्हॅन चालवणारा रत्नागिरीचा मुजावर, दुबईत अल क्वोजला एका कंपनीत इंजिनियर असलेला नाशिकचा किरण, आणि मी. आमची मेस एकत्र. हमरिया जवळ म्हणून नाना सगळ्यांच्या आधी घरी येत. आम्ही बाकीचे ट्रॅफिकमधून पिळून निघून पोचायचो तोवर स्वयंपाक तयार. त्यामुळे मेसचे पंतप्रधान नानाच. खिडकीजवळचा पलंग त्यांचा. त्याच्यावरच्या भिंतीवर त्यांनी दहाचा आकडा चिकटवलेला होता.

आम्ही त्यांचं मंत्रिमंडळ. मोहित्यांकडे गॅस, मुजावरकडे मासळी, किरणकडे पाण्याचे मोठे बाटले. मी परराष्ट्रमंत्री, म्हणजे बिल्डिंगच्या नातूरशी, आमच्या वॉचमन करीमभाईशी, बोलणी करायची. नाना चिडले की खातेबदल व्हायचा. आमटीला नाव ठेवल्याबद्दल मला एकदा कचरा खातं मिळालं होतं.

दार उघडल्या उघडल्या प्रत्येक जण एकच आरोळी ठोकायचा, "नाना, आज काय?" नाना झारा हातात घेऊन बाहेर यायचे, घसा खाकरायचे आणि पत्रकारांसमोर निवेदन करावं तसा बेत जाहीर करायचे. "आज बांगड्याचं तिखलं. सोबत सोलकढी. प्रश्न नंतर घेतले जातील."

तक्रार म्हणाल तर एकच. बुधवारी तोंडली. जग इकडचं तिकडे होवो, बुधवारी तोंडली. का, तर नानी करायच्या. नानी जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्हाला हे माहीत होतं, त्यामुळे कुणी तोंडावर बोलत नसे. पाठीमागे मात्र प्रत्येक जण बोलायचा.

तर झालं असं की त्या आठवड्यात लंडनचा पंतप्रधान डळमळीत होता. त्याच्याच पक्षातले लोक गळा धरून बसले होते. नाना दोन दिवस नीट जेवले नव्हते. मंगळवारी संध्याकाळी किरण घरी आला, नानांचा पडलेला चेहरा बघितला आणि पोरगा मायेनेच म्हणाला, "नाना, टेन्शन नका घेऊ. माझा तुम्हाला फुल सपोर्ट आहे."

नानांच्या हातातला झारा थांबला.

"काय म्हणालास?"

"फुल सपोर्ट. हंड्रेड पर्सेंट."

नाना सावकाश आमच्याकडे वळले. "बघितलंत? हा उभा राहतोय!"

"नाना, मी कुठे..."

"आतल्या गाठीचा निघालास! मला वाटलंच होतं. परवा एअर फ्रायरचं विचारत होतास, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. ठीक आहे. हिंमत असेल तर समोर ये. आत्ता मतदान होऊन जाऊ दे!"

आम्ही परोपरीने सांगितलं. मुजावर म्हणाला, "नाना, हबीबी, कोण तुम्हाला काढतंय?" पण नानांच्या डोक्यात वेस्टमिन्स्टर शिरलं होतं. गुप्त मतदान ठरलं. कट्ट्यावर रिकामा कुकर. काबुली हरभरा म्हणजे विश्वास, हिरवा वाटाणा म्हणजे अविश्वास. एकेकाने आत जायचं, दार लावायचं, एक दाणा टाकायचा. पंतप्रधानालाही मत असतं म्हणून नानाही आत जाऊन आले, आणि कॉलर सारखी करून बसले. त्यांचा चेहरा असा की शंभर टक्के निवडून आलोय.

मुजावरने कुकर ताटात उपडा केला.

चार वाटाणे आणि एक हरभरा.

आम्ही एकमेकांकडे असे बघायला लागलो, जणू दूध पिताना मांजर पकडलंय आणि एक नव्हे, चार मांजरं आहेत. नंतर उलगडा झाला तो असा. मोहित्यांना वाटलं, बाकीचे सगळे हरभरेच टाकणार, आपण एक वाटाणा टाकला तर तोंडलीवर थोडा वचक बसेल. मुजावरलाही अगदी तेच वाटलं. किरण म्हणाला, मी उमेदवार, मला शून्य मतं पडली असती तर किती वाईट दिसलं असतं. आणि मी? मला ते कचरा खातं आठवलं. नानांना काढायचं एकाच्याही मनात नव्हतं. आणि चौघांनी मिळून त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या.

"नाना, हे कॅन्सल. परत घेऊ," किरण कळवळून म्हणाला.

"ब्रिटनमध्ये परत घेत नाहीत," नाना म्हणाले, आणि इस्त्रीचं टेबल आणायला गेले.

त्यांनी ते नेहमीसारखं पुढच्या दाराबाहेर मांडलं. मागे उभे राहिले. या स्वयंपाकघराची सेवा करायला मिळाली हे आपलं भाग्य असं म्हणाले, करीमभाईचे आभार मानले, नव्या पंतप्रधानाला फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू द्यायचा सल्ला दिला. समोरच्या फ्लॅटमधलं केरळी कुटुंब दार उघडून उभं होतं. त्यांना एक शब्द कळला नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. भाषण फारच छान झालं, आणि आम्हाला वाटलं प्रकरण हसण्यावारी गेलं. आम्ही किचनमध्ये येऊन हुश्श करून बसलो, किरणने कुकर लावायला घेतला.

थोड्या वेळाने मोहिते आतून ओरडले, "अरे, नानांच्या पलंगावर गादी कुठाय?"

गादी नव्हती. बॅग नव्हती. भिंतीवरचा दहाचा आकडासुद्धा त्यांनी सोलून काढून टेबलावर ठेवला होता, नव्या माणसासाठी.

आम्ही चौघे मागच्या लिफ्टने खाली पळालो. मागच्या फाटकापाशी गुंडाळलेल्या गादीवर नाना बसले होते, बाजूला बॅग, हातात करीमभाईने दिलेला चहा. करीमभाई आम्हाला बघून काळजीने म्हणाला, "नाना बोलता है, हुकूमत गिर गया."

"नाना, वरती चला," मी म्हटलं. "कुठे निघालात?"

"ते अजून ठरवलं नाही."

"वेंगुर्ल्याला?"

नानांनी चहाकडे बघितलं. गावची भाषा ते आमच्याशी क्वचित बोलत. "घराक कुलूप आसा," ते म्हणाले. "चेडू ठाण्याक. तिचो संसार तिका."

चेडू म्हणजे त्यांची लेक. मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "खुर्चीचं काही नाही रे. तुम्ही दार उघडून ओरडता ना, 'नाना, आज काय?' नानी गेल्यापासून मला तेवढा एकच प्रश्न कोणी विचारतं. आता तुम्ही तो किरणला विचारणार. ते ऐकत तिथे पडून राहायचं, हे काही मला जमायचं नाही."

मोहित्यांसारखा आडदांड माणूस, पण तो उगाच लिफ्टकडे तोंड करून उभा राहिला.  चार वाटाणे टाकताना आम्ही तोंडल्यांचा विचार केला होता, या माणसाचा केलाच नव्हता.

पण नानांना मायेने समजावून उपयोग नसतो, त्यांना नियम दाखवावा लागतो. मी म्हटलं, "नाना, एक सांगा. हरलेला पंतप्रधान घर सोडतो. पण खासदारकी सोडतो का?"

नाना विचारात पडले. "तशी सक्ती नाही."

"मग तो बसतो कुठे?"

"मागच्या बाकावर."

"आणि तिथे बसून काय करतो?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. मिशीखाली काहीतरी हललं. "नव्या पंतप्रधानाला छळतो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा दिवाळीतल्या पोरासारखा उजळला.

"झालं तर मग," मोहिते घाईघाईने म्हणाले. "माझा पलंग किचनच्या दाराशी आहे. तो घ्या. तिथून छळायला सोपं जाईल."

"यल्ला, चला!" म्हणत मुजावरने बॅग उचलली. गादी नव्या पंतप्रधानाने डोक्यावर घेतली, आणि नानांच्या आग्रहाखातर ती मागच्या लिफ्टनेच वर नेली.

दुसऱ्या दिवशी किरणने कारभाराचा पहिला दिवस म्हणून वर्क फ्रॉम होम घेतलं. मी आणि मोहिते संध्याकाळी एकदमच पोचलो. नाना घरी आलेले होते, किचनच्या दाराशी नव्या पलंगावर, कानात इअरफोन, डोळे मिटून. लंडनचा तो माणूस अजून टिकलाय की गेला, हे त्यांनी आम्हाला विचारलं नाही.  रोजची आरोळी घशापर्यंत आलेली दोघांनी गिळली आणि चपला काढत राहिलो.

किचनमध्ये किरण कट्ट्यापाशी उभा होता. गॅस पेटलेला, कढई तापलेली, तेलातून धूर निघायला लागलेला. त्याने एकदा फ्रीज उघडला, बंद केला. डबे उघडले, बंद केले. मग दारातून डोकं बाहेर काढून, घामाघूम होऊन, नवे पंतप्रधान जिवाच्या आकांताने ओरडले,

"नाना, आज काय?"

नानांनी डोळे उघडले. लंडन कानातून काढून उशाशी ठेवलं. उठले, घसा खाकरला.

"तोंडली," ते म्हणाले.

कुणीही हरकत घेतली नाही.