पाठ म्हणा, चष्मा घ्या

पिंपरीच्या बाजारातल्या रशीदचाचांच्या दुकानात चष्मा तयार असला तरी हातात पडत नसे. आधी पाठ म्हणावा लागे.

"ऑप्टोमेट्री. ऑप्टोस म्हणजे?"

"दिसणारं."

"मेट्रॉन?"

"माप, चाचा! द्या की आता, शिफ्ट चुकतेय!"

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी भोसरीत टर्नर होतो. चाचा म्हणायचे, "तुझ्या मायक्रोमीटरमधला मीटर आन् माझा मेट्रॉन, सख्खे भाऊ, राव! दोघं ग्रीसचे." आम्हाला ग्रीस ठाऊक ते बेअरिंगला चोपडायचं! कुणी अडखळलं की पडद्यामागून अमीनाचाची ओरडायच्या, "ऑप्टोस! नीट म्हणा!" आम्ही त्यांना हेडमास्तरीण म्हणायचो. कधी दिसल्या मात्र नव्हत्या.

एकदा आईला घेऊन गेलो. चालता चालता ती बाजूच्या खांबांना धडकायची. "दुखत न्हाई, खुपत न्हाई, कशाला तपासायचं?" तिची कुरकुर. चाचांनी बराच वेळ तपासलं आणि चिठ्ठी लिहिली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच जा. मला ग्लॉकोमाची शंका येतेय."

"बरं, बरं." मी चिठ्ठी खिशात कोंबली. मला दुसरी पाळी गाठायची होती.

चाचांनी माझं मनगटच धरलं. "काय बरं? काय कळलं तुला?"

"ते... ग्रीक असणार." मी हसलो.

ते हसले नाहीत. "ग्लॉकोस म्हणजे निळसर करडं. ग्लॉकोमा म्हणजे आपला काचबिंदू. दुखत नाही, कडेकडेनं नजर खातो. गेलेली परत येत नाही, उरलेली डोळ्यांत घालायच्या थेंबांनी टिकते." मग त्यांचा आवाज उतरला. "अमीनाच्या वेळी डॉक्टर हाच शब्द बोलले. मी पण असंच 'जी, जी' केलं. चष्मेवाला असून अडाणी म्हणतील, म्हणून विचारलंच नाही. दुखत नाही म्हटल्यावर थेंब बंद केले. मीच केले."

पडदा सरकला. चाची भिंत चाचपत बाहेर आल्या. त्यांची नजर कुणावरच नव्हती. या बाईला आम्ही नावं ठेवत होतो!

"समजलं का पोराला?" त्यांनी विचारलं.

मी आईचा हात घट्ट धरला. "समजलं, चाची. काचबिंदू दुखत नाही, पण नजर खातो. थेंब सोडायचे नाहीत. आत्ताच निघतो, पाळी गेली उडत."

"आणि ग्रीक शब्द?"

मला काही केल्या आठवेना.

"राहू दे," चाचांनी हात धरून चाचींना स्टुलावर बसवलं. "पास झाला तो, अमीना."