उशीचे ठोके बहात्तर

"मनगटावर काय बसावं आणि कसं बसावं, हे मला कोणी शिकवायचं नाही!" अण्णांनी जाहीर केलं. त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. बेचाळीस वर्षं त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली होती. पण तीन महिन्यांपूर्वी छातीत कळ आली, दुकानाचं शटर खाली आलं आणि डॉक्टरीणबाईंनी अट घातली. पंधरा दिवस रोज सकाळी अर्धा तास चालायचं, तेही ठोके मोजणारं यंत्र अंगावर बांधून. ठोके ताब्यात राहिले तर रोज दोन तास दुकान उघडायला परवानगी. नाहीतर दुकान शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकायचं, हे लेकीने ठरवून टाकलं होतं. चष्मेवाला तर आतापासूनच मधली भिंत ठोकून बघत होता!

यंत्र निवडायला बापलेक बाजारात गेले. छातीवरचा पट्टा अण्णांनी बांधला आणि लगेच सोडला.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"मागून कोणीतरी कवटाळल्यासारखं वाटतं. शिवाय गुदगुल्या होतात."

दंडावरच्या पट्ट्याने हाताला मुंग्या आल्या. मनगटावरचं यंत्र मात्र पसंत पडलं. विकणारी मुलगी म्हणाली, "काका, घट्ट बांधा हं. खालचा हिरवा दिवा कातडीला टेकला पाहिजे."

"पट्ट्याखालून एक बोट सहज गेलं पाहिजे," अण्णा म्हणाले. "घड्याळाचा नियम आहे हा. तुझ्या जन्माच्या आधीचा!"

पहिल्या दिवशी अण्णा ऐटीत हात हलवत निघाले. यंत्र मनगटावर खाली-वर नाचत होतं. कोपऱ्यावर पोचतात तोच लेकीचा फोन.

"अण्णा, बसा! आहात तिथे बसा!"

"अगं, का?"

"एकशे शहाऐंशी! माझ्या फोनवर दिसतंय सगळं!"

अण्णांनी भीतीने फुटपाथवरच बसकण मारली. येणाऱ्या-जाणाऱ्या दोघींनी वारा घातला, एकाने पाणी पाजलं, आणि एका सायकलवाल्याने त्यांचे बूट काढले. का काढले, ते त्यालाही सांगता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी घट्ट बांधलेलं यंत्र खुपायला लागलं. वाटेत दुकान होतं. किल्ली खिशात होतीच. तीन महिन्यांत ती त्यांनी एकदाही खुंटीला लावली नव्हती. शटर अर्धं वर करून अण्णा आत शिरले आणि तिथेच उभे राहिले. भिंतीवरची सगळी घड्याळं बंद पडली होती, प्रत्येक आपापल्या वेळेला. एके काळी इथे इतकी टिकटिक असायची, की बोलायला आवाज चढवावा लागे. याच काउंटरखाली बसून लेक पाढे म्हणायची, टिकटिकीच्या तालावर. दुपारी बायको चहा घेऊन यायची आणि "आजच्या दिवसात घरी याल ना?" असं सगळ्या घड्याळांसमोर विचारायची. ती जाऊन पाच वर्षं झाली. अण्णांना फार एकटं वाटलं.

यंत्र त्यांनी काढलं. काढलेलं घड्याळ ते नेहमी काउंटरवरच्या छोट्या उशीवर चढवत, पट्टा दुमडू नये म्हणून. बेचाळीस वर्षांचा हात. त्याने यंत्रही उशीवर चढवलं आणि पट्टा लावून टाकला. मनगटाएवढी ती कापसाची उशी बायकोने दुकान उघडलं त्याच आठवड्यात शिवली होती. मग मोकळ्या हाताने अण्णा मस्त अर्धा तास चालले. तळ्याला फेरी मारत असताना फोन वाजला.

"अण्णा, बहात्तर! कसं जमवलंत?"

अण्णांनी रिकाम्या मनगटाकडे पाहिलं आणि पाय उचलला. दुकानात येऊन बघतात तर उशीच्या कापडावर हिरवा दिवा लुकलुकतोय, आणि आकडा बहात्तर! त्यांनी डोळ्याला भिंग लावून खात्री केली. बहात्तरच! क्षणभर त्यांना वाटलं, तिच्या हातची उशी, तिला जीव असला तर नवल कसलं? आणि त्यांना दुकान हवं होतं. दोन्ही कारणं मिळून अण्णा गप्प बसले.

मग रोजचंच झालं. एकदा उशीवर ऊन आलं आणि आकडा चोपन्नवर घसरला.

"अण्णा, चक्कर येतेय का?" लेक फोनवर रडकुंडीला आली.

"नाही गं, जरा सावलीत जातो," म्हणत अण्णा धावत दुकानात आले आणि त्यांनी उशी सावलीत सरकवली.

पंधराव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी सगळे आकडे पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"चौदा दिवस चाललात. पहिला दिवस सोडला तर ठोके सुरेख. पण तिसऱ्या दिवसापासून पावलं शून्य! अण्णा, तुम्ही काय तरंगत जाता?"

लेकीनेही वळून पाहिलं. अण्णांच्या कानशिलांवर घाम आला.

"ते ठोके... माझे नाहीत."

"मग कोणाचे?"

"उशीचे."

सगळं बाहेर आलं. "तो हिरवा दिवा कशालाही टेकला तरी काहीतरी आकडा दाखवतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लेक आधी भडकली. "आणि मी मेली रोज सगळ्यांना सांगत होते, बघा आमचे अण्णा!" मग एकदम तिने विचारलं, "आईची ती निळी उशी? अजून आहे?"

"अजून आहे," अण्णा म्हणाले. "दुकान गेलं तर तिला कुठे ठेवू, तूच सांग."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र मनगटावर करकचून बांधलं आणि अण्णांना तीन मजले चढवून उतरवलं. आकडा शंभरच्या वर गेला, थोडा वेळ थांबला आणि शहाण्यासारखा खाली आला.

"चालला आहात खरे," त्या म्हणाल्या. "चौदा दिवस खोटे आकडे दाखवून तब्येत खरी सुधारणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. उघडा दुकान! आजपासून दोन तास."

"आजपासून?" अण्णांचा विश्वासच बसेना. "अण्णा, मीही येते, जळमटं काढायला," लेक म्हणाली, आणि अण्णा लहान मुलासारखे खुर्चीतून उठले. त्याच क्षणी यंत्र मोठ्याने कोकलायला लागलं. एकशे अठ्ठेचाळीस!

"पडा इथे," डॉक्टरीणबाईंनी पलंगाकडे बोट दाखवलं. आणि दुकान उघडण्याच्या पहिल्या दिवसाचे दोन्ही तास अण्णांनी दवाखान्यात छताकडे बघत आडवं पडून काढले.